मागच्या दाराने या

फाटकावरच्या ओटिसचा फोन आला तेव्हा मी सकाळच्या टपालाची पाकिटं फोडत होते.

"इर्माबाई, जरा खाली येताय का? एक बाई आलीय. टॅलबर्टांकडे जायचंय म्हणते."

"सहलीच्या गाडीतून आलीय का?"

"नाही हो. बॅग घेऊन आलीय. पत्रही दाखवतेय. तुमच्याकडचंच दिसतंय."

टॅलबर्टांकडे जायचं म्हणणारी माणसं महिन्यातून एखाद-दुसरी येतच. 'टॅलबर्ट कुटुंब' ही मालिका दर मंगळवारी साडेसातला लागे, आणि अर्धा देश ताटं धुवायची ठेवून तिच्यासमोर बसे. मिस्टर टॅलबर्ट, मिसेस टॅलबर्ट, दोन गोड मुलं, एक शहाणा कुत्रा आणि ४१२, क्विन्स स्ट्रीट हा पत्ता. तो रस्ता आमच्या स्टुडिओच्या मागच्या आवारात होता आणि त्याच्या मागे सुतारांची शेड होती. ओटिस अशा लोकांना हसून एक छापील फोटो देई आणि वाटेला लावी. बॅग घेऊन मात्र आजवर कोणी आलं नव्हतं.

मी टपालखात्यात होते. मिसेस टॅलबर्टना येणाऱ्या पत्रांना मिसेस टॅलबर्ट म्हणून उत्तरं द्यायची, हे माझं काम. ती भूमिका करणाऱ्या नटीला मी सहा वर्षांत दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा ती बूट काढून पाय चोळत बसली होती. पत्रं तिच्यापर्यंत जात नसत. आमच्याकडे आठ छापील उत्तरं होती. एक नंबर फोटोसाठी, दोन नंबर केकच्या कृतीसाठी, तीन नंबर मुलांच्या वाढदिवसासाठी, असं करत करत सात नंबर होतं घरातल्या अडचणींसाठी. ते मी स्वतः लिहिलेलं. आमचे साहेब, मिस्टर ब्रॉफी, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होते आणि मला पहिल्या दिवसापासून अगंतुगं करत. सात नंबर लिहायला घेतलं तेव्हा ते म्हणाले होते, "सल्ला अजिबात नको इर्मा, वकिलांना चालत नाही. नुसता जिव्हाळा घाल. तुझ्याकडे तो आहे." मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, घरी जाऊन नवऱ्याला मी ते वाक्य दोनदा सांगितलं होतं.

तर सात नंबरमध्ये मी लिहिलं होतं की, प्रत्येक घरावर कधी ना कधी ढग येतात, आणि गरम केक व हसरा चेहरा यांपुढे फार थोडे ढग टिकतात. शेवटी लिहिलं होतं, 'कधी आमच्या बाजूला आलात तर मागच्या दाराने या. कॉफी तयार असेल.' मालिकेत शेजारीपाजारी असेच येत, न ठोठावता, थेट स्वयंपाकघरात. आमच्याकडे तर जो तो ज्याला त्याला म्हणतच असतो, या कधीतरी. कोणी येत नाही. आलंच तर घरातल्यांची पळापळ होते. म्हणणाऱ्यालाही हे ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. निदान माझी अशी समजूत होती.

फाटकापाशी उभी असलेली बाई तिशीची असेल. निळा कोट, पांढरे हातमोजे, पायाशी तपकिरी बॅग. डोळे बारीक करून ती माझ्याकडे बघत होती. तिने नाव सांगितलं, आर्लीन स्टकी.

आर्लीन स्टकीने दीड वर्षात पाच पत्रं पाठवली होती. ओहायोत, डेटन शहराबाहेर नव्याने वसलेल्या एका वसाहतीत ती राहायची. नवरा विमा कंपनीत. पहिल्या पत्रात घराचं कौतुक होतं. दुसऱ्यात तिने विचारलं होतं की, मिस्टर टॅलबर्ट चिडून घरी येतात तेव्हा तुम्ही नक्की काय करता. एका भागात तसं होतं खरं. ते चिडून येतात, मिसेस टॅलबर्ट वर जाऊन चांगला झगा घालून, कानांत डूल अडकवून खाली येतात, केक पुढे ठेवतात आणि ते हसतात. तिसऱ्या पत्रात आर्लीनने लिहिलं होतं, 'मी अगदी तुमच्यासारखंच केलं. माझंच काहीतरी चुकलं असणार, कारण माझा पुढचा दात पडला. आधी कपडे बदलायचे की आधी केक कापायचा, एवढं कृपा करून कळवा.'

दुसऱ्यापासून प्रत्येक पत्राला मी सात नंबर पाठवलं. दुसरं होतंच काय. चौथ्या पत्रात तिने लिहिलं होतं, 'तुम्ही पुन्हा तेच लिहिलंत, म्हणजे ते फार महत्त्वाचं असणार. मी रोज वाचते.'

आणि आता तो कागद तिच्या हातमोज्यात होता, घड्यांवर विरलेला.

तिला मी काय सांगायला हवं होतं ते मला आज सांगता येईल. तेव्हा मी म्हटलं, चला, दाखवते. चालताना ती माझ्या कोपराला धरून होती. चष्मा घरी राहिला, म्हणाली. तीन दिवस बसमध्ये होती आणि गावांची नावं लोकांना विचारत आली होती.

क्विन्स स्ट्रीटच्या तोंडाशी ती थांबली. त्या दिवशी चित्रण नव्हतं. दोन्ही बाजूंना एल्मची झाडं, पांढरी कुंपणं, हिरवंगार गवत. त्या झाडांची पानं माणसं शिडीवर चढून तारेने बांधत आणि गवताला दर सोमवारी रंग मारत. पण चष्म्याशिवाय, एवढ्या लांबून, काय दिसणार.

"अगदी तसंच आहे," ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता.

 तिथूनच परत फिरावं असं मनात आलं. पण तिने विचारलं, "मागचं दार कुठून?"

मी तिला घराला वळसा घालून मागे नेलं. मागे लाकडी टेकू होते, वाळूची पोती होती, आणि एका खोक्यावर बसून एक रंगारी अंड्याचं सँडविच खात होता. आम्हाला पाहून त्याने टोपी किंचित उचलली आणि खाणं चालू ठेवलं. आर्लीनने हातमोजा काढून एका टेकूवरून हात फिरवला. मग वर पाहिलं. वरच्या मजल्याची खिडकी मागून नुसती चौकट होती आणि पडदा खिळ्याने ठोकलेला होता.

"स्वयंपाकघर?"

"दुसऱ्या इमारतीत. तिथल्या शेगडीला गॅसची नळी नाहीये."

"मग केक?"

"बेकरीतून येतो."

 ती रडेल म्हणून मी रुमाल काढून ठेवला. पण ती म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकत नव्हतं."

"नाही," मी म्हटलं. "तुमचं काहीच चुकत नव्हतं."

"पण या म्हणून लिहिलं होतं ना. ते कोणी लिहिलं?"

"मी."

तिने तो कागद नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रस्ता चुकलेलं माणूस योग्य वाट विचारतं तशा सुरात तिने विचारलं, "मग तुमचं मागचं दार कुठंय?"

आमचं घर खोऱ्यात होतं, ऑर्किड पार्क नावाच्या वसाहतीत. ऑर्किड नव्हतं आणि पार्कही नव्हता. तीनच नकाशे उलटसुलट करून दोनशे घरं बांधलेली. अकरा वर्षांत माझ्या मागच्या दाराने गॅसचा मीटर बघणाऱ्याखेरीज कोणी आलं नव्हतं. त्या संध्याकाळी आर्लीन स्टकी आली. मुलगी लॉइस लग्न होऊन सिअ‍ॅटलला गेल्यापासून तिची खोली रिकामीच होती. मी तिथे चादर घातली.

माझा नवरा आर्व्हिड विमानांच्या कारखान्यात होता. डब्याची पेटी टेबलावर ठेवून त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती दिवस?"

"बघू."

"बघू म्हणजे किती, इर्मा?"

मी म्हटलं, चार दिवस. का म्हटलं, माहीत नाही. तोंडाला आलं ते बोलले. आणि झाले चारच.

पाहुणी म्हणून तिचा काडीचा त्रास नव्हता, आणि तोच त्रास होता. पहाटे पाचला उठून ती ओव्हन आतून घासायची. आर्व्हिडचे कामाचे शर्ट इस्त्री करून बटणं लावून ठेवायची. कपाटातले डबे तिने सगळी लेबलं पुढे येतील असे मांडले, एकेक डबा डोळ्यांजवळ धरून. आर्व्हिड बसल्याशिवाय ती बसत नसे. एकदा त्याने कप जरा जोरात खाली ठेवला, तशी ती दोन पावलं मागे सरून भिंतीला टेकली. आर्व्हिडने जन्मात कोणावर हात उगारलेला नाही, माझ्यावर नाही की कुत्र्यावर नाही. तो उठला आणि आपली कॉफी गॅरेजमध्ये घेऊन गेला. नंतर मला म्हणाला, "माझ्या घरात मीच चोरासारखा वावरतोय गं. ती माझ्याकडे बघते आणि मला वाटतं, मीच काहीतरी केलंय."

त्यात शेजारच्या मिसेस पेटिट. कुंपणापलीकडून त्यांना सगळं दिसे. पाहुणी कोण, विचारलं. नात्यातली, मी म्हटलं. दाताला काय झालं, विचारलं. पडली, मी म्हटलं. मलाही तेच उत्तर सुचलं बघा.

मंगळवारी साडेसातला आर्लीनने विचारलं, टीव्ही लावू का. मला वाटलं होतं तिला आता त्या मालिकेचं तोंडही बघायचं नसेल. ती खुर्ची ओढून अगदी पडद्याला नाक लागेल इतकी जवळ बसली. त्या दिवशी मिस्टर टॅलबर्ट कुत्र्याला आंघोळ घालताना स्वतःच भिजतात असं काहीतरी होतं. ती हसली. मोठ्याने, तोंडावर हात ठेवून, दात झाकत. आर्व्हिडही हसला. मी तिच्या पाठीकडे बघत होते. आदल्याच दिवशी जिने त्या घराचे टेकू हाताने चाचपले होते ती ही.

भाग संपल्यावर ती म्हणाली, "मला टायपिंग येतं. मिनिटाला चाळीस शब्द. तुमच्याकडे पत्रं लिहायला कोणी लागतं का?"

"उद्या विचारते," मी म्हटलं.

बुधवारी मी विचारलं नाही. जागा होती. वर्षभर मी एक हात कमी म्हणून कुरकुरत होते, साहेबांनी हो म्हटलं असतं. पण मग ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसली असती, माझ्याबरोबर माझ्या गाडीतून येऊन, माझ्याबरोबर परत जाऊन. चार दिवसांचे चार महिने झाले असते. संध्याकाळी तिने काही विचारलं नाही, नुसतं बटाटे सोलता सोलता माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हटलं, साहेब आज रजेवर होते.

गुरुवारी साहेबांनीच मला बोलावून घेतलं. ओहायोहून फोन आला होता. आर्लीनच्या नवऱ्याला घरात बुटाच्या खोक्यात आमच्याकडची चार उत्तरं सापडली होती.

"ही बाई इथं आली होती, असं ओटिस सांगतो," ब्रॉफी म्हणाले. "आणि तुझ्याबरोबर गेली, असंही सांगतो."

"बसच्या थांब्यापर्यंत," मी म्हटलं. "पुढचं मला माहीत नाही."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "इर्मा, पेपरवाल्यांच्या कानावर गेलं ना, की मिसेस टॅलबर्ट लोकांच्या बायका पळवतात, तर साबणवाले मंगळवारची जाहिरात काढून घेतील. मग तू नाहीस, मी नाही, कुत्रा पण नाही. ती कुठे असेल तिथून तिला घरी पाठव." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "नवरा चांगला वाटला गं बोलण्यावरून. रडत होता."

मी खोटं बोलले होते याचा मला त्या रात्री अभिमान वाटत होता. एक दिवस टिकला तो.

शुक्रवारी दुपारी लॉइड स्टकी स्वतः आमच्या खोलीच्या दारात उभा होता. राखी सूट, हातात हॅट. उंच, कानांशी नुकतेच पिकू लागलेले केस. आत येण्याआधी त्याने पायपुसण्यावर बूट पुसले. आमच्या खोलीत पायपुसणं आहे हे मला त्या दिवशी कळलं. एक मुलगी टपालाचं पोतं ओढत होती ते त्याने उचलून टेबलापर्यंत नेऊन ठेवलं. मला मॅडम म्हणाला, आणि मी बसा म्हणेपर्यंत बसला नाही.

तो म्हणाला, "मॅडम, ती कुठे आहे ते मी तुम्हाला विचारणार नाही. तुम्हाला ठाऊक असलं तरी सांगू नका. फक्त हे तिला पोचवा." आणि कोटाच्या आतल्या खिशातून त्याने एक चष्मा काढला. रुमालात गुंडाळलेला, काचा लख्ख पुसलेल्या. "याच्याशिवाय तिला दोन हातांवरचं दिसत नाही. एकटी कुठे रस्ता ओलांडत असेल, या विचाराने मला आठवडाभर झोप नाही."

मी त्या चष्म्याकडे बघत राहिले. दोन हजार मैलांवरून हा माणूस बायकोचा चष्मा घेऊन आला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी लपवत नाही.

तो म्हणाला, "माझा हात उठला आहे. नाही म्हणत नाही. आता मी आमच्या पाद्रीबाबांकडे जातो, दर गुरुवारी. दारू सोडलीय. एक संधी मागतो, बस्स."

तुम्ही म्हणाल, पाच पत्रं वाचलेली बाई तू, तुला कळू नये? कळायला हवं होतं. सहा वर्षं मी त्या रस्त्याच्या मागच्या बाजूला काम केलं, पानं तारेने बांधताना पाहिली, गवताला रंग मारताना पाहिला. पण सहा वर्षं मी दर मंगळवारी हेही पाहिलं होतं की, राखी सुटातला माणूस हॅट हातात घेऊन चुकलो म्हणतो आणि पंचवीस मिनिटांत घर पुन्हा जागेवर येतं. ओहायोतल्या बायका फसतात म्हणून मी मनातल्या मनात हसायची. आणि मला फसवायला एक चष्मा पुरला. शिवाय, खरं सांगायचं तर, मला आर्व्हिडला त्याचं घर परत द्यायचं होतं. तेही होतं त्यात.

मी पर्स उचलली आणि म्हटलं, "चला, मी नेते तुम्हाला."

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कोणी उगाच आशा धरून बसायला नको. मार्चमध्ये मिसेस टॅलबर्टच्या नावाने डेटनहून एक पत्र आलं, आर्लीनच्या शेजारणीचं. फेब्रुवारीत आर्लीन तळघराच्या जिन्यावरून पडून गेली. पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं. शेजारणीने लिहिलं होतं, 'तशी ती पडायचीच, बिचारी. तिला घराबाहेर पडू द्यायचं नसलं की तिचे मिस्टर तिचा चष्मा खिशात घालून कामावर जायचे. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सकाळी दूध घ्यायला ती कुंपण चाचपत यायची. पण दुसऱ्याच्या घरात आपण काय बोलणार. तिला तुम्ही फार आवडायचात. चर्चमधल्या आम्हा बायकांना तुमचा एक सही केलेला फोटो मिळाला तर बरं होईल.'

या पत्राला किती नंबरचं उत्तर द्यायचं ते मला कळेना. ते मी साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. त्यांनी एक नंबर पाठवलं.

आता त्या शुक्रवारचं सांगते.

आम्ही पोचलो तेव्हा आर्व्हिड नुकताच कामावरून आला होता. मी लॉइड स्टकीला पुढच्या दाराने आत घेतलं, बसवलं, फळं भरून भाजलेला पीच-पाय कापून दिला. त्याने दोन घास खाऊन आर्व्हिडला सांगितलं की, असा पीच-पाय त्याने आईच्या हातचा खाल्ला होता, त्यानंतर आजच. आर्व्हिडला माणूस आवडला. मोटारींवर बोलू लागले दोघे.

मी लॉइसच्या खोलीत गेले. आर्लीन पलंगाच्या काठावर बसली होती. तिने आवाज ओळखला होता. बॅग भरून झाली होती. एवढ्या लवकर कशी भरली, मला कळलं नाही. बहुतेक ती कधी उपसलीच नव्हती.

मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, "तो बदललाय गं. तुझ्यासाठी चष्मा घेऊन आलाय बघ, एवढ्या लांबून."

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या चार दिवसांत पहिल्यांदाच तिने डोळे बारीक न करता पाहिलं, जणू काही दिसायची गरजच उरली नव्हती. मला वाटलं ती काही बोलेल. मी जरा पुढेही झुकले. तिने माझ्या हातावर हात ठेवला, दोनदा थोपटला, एखाद्या म्हातारीची समजूत काढावी तसा, आणि म्हणाली, "तुमच्या ओव्हनची मागची जाळी राहिली घासायची."

बैठकीत लॉइड उभा राहिला. "आर्लीन," तो हळुवारपणे म्हणाला, आणि खिशातून चष्मा काढून दोन्ही हातांनी तिच्या डोळ्यांवर चढवायला पुढे झाला. त्याचे हात तिच्या चेहऱ्यापाशी पोचायच्या आधीच तिने डोळे घट्ट मिटले आणि मान एका बाजूला झाली. एवढीशीच. पापणी लवते तेवढी. मग मान परत सरळ आली आणि तिने तोंड वर करून चष्मा चढवून घेतला.

तेव्हा मला कळलं. मार्चमध्ये पत्र आलं तेव्हा नाही, तेव्हाच कळलं, माझ्या बैठकीत, आर्व्हिडच्या शेजारी उभी असताना. मी दार आणि ते दोघं यांच्यामध्ये उभी होते. बाजूला व्हायचं नाही, एवढंच करायचं होतं. पण लॉइड स्टकीने आर्व्हिडशी हात मिळवला, माझे आभार मानले, तिची बॅग उचलली, आणि अशा वेळी यजमानीण जे करते ते मी केलं. दार उघडून धरलं.

बाहेर ऊन कलत होतं. सगळ्या ऑर्किड पार्कमध्ये शुक्रवारचे फवारे चालू झाले होते. त्याने भाड्याच्या गाडीचं दार तिच्यासाठी उघडलं, तिच्या कोटाचा काठ आत सारला, दार हलक्या हाताने लावलं. जाताना हॅट उंचावली. आर्लीनने सरळ समोर पाहिलं. चष्म्यातून तिला आता आमचं घर, मी, सगळं स्वच्छ दिसत असणार.

आर्व्हिड आत गेला. आत टेबलावर अर्धा खाल्लेला पीच-पाय होता आणि मला तो उचलायला जायचं नव्हतं, म्हणून मी नळाला लावलेला पाइप उचलला आणि गवताला पाणी घालत उभी राहिले.

मिसेस पेटिट कुंपणापाशी आल्या.

"नवरा का तिचा?"

"हो."

"गाडीत बसवताना कोटसुद्धा सावरला हो तिचा. आमच्याकडे दार उघडायचं सोडा, थांबतसुद्धा नाहीत." त्या गाडी वळली त्या कोपऱ्याकडे बघत होत्या. "किती छान जोडपं."

त्या माझ्याकडे वळल्या, उत्तरासाठी. आर्व्हिडने आत टीव्ही लावल्याचं ऐकू आलं.

"हो," मी म्हटलं. "छान आहेत."

मग त्या म्हणाल्या, बरंय, या कधीतरी कॉफीला. मी म्हटलं, येईन हं.